हस्तिदंती पोथीचा दाखला

'हिस्टोरिया ऑगस्टा' या लॅटिन ग्रंथांत हेड्रियनपासून कॅरिनसपर्यंतच्या (इ. स. ११७–२८५) रोमन बादशहांचीं चरित्रें आहेत, मधला कांहीं भाग लुप्त आहे. कर्ते सहा म्हणून सांगितले आहेत. परंतु हा चौथ्या शतकाच्या अखेरच्या एकाच लेखकाचा उद्योग होय, असें हेर्मान डेसाऊ यांनीं १८८९ सालीं प्रतिपादिलें, व तेंच मत आज बहुमान्य आहे.

टॅसिटस बादशहाच्या चरित्रांत सेनेटच्या एका ठरावाची हस्तिदंती पोथी उल्पियन ग्रंथालयाच्या सहाव्या कपाटांत असल्याचें कर्ता सांगतो. इतका नेमका पत्ता वाचून कोणाही संग्राहकास मोह पडावा. पण पंडितांच्या मतें तो ठराव बनावट आहे. ऑरेलियनच्या चरित्रारंभीं तर, वाटेल तें लिही, असत्यांत थोर ग्रंथकार तुझे सोबती आहेत, असा सल्लाच कर्त्यास मिळतो!

तथापि ग्रंथ सर्वस्वीं त्याज्य नव्हे. ब्रिटनमधील ऐंशी रोमन मैलांची भिंत हेड्रियननें बांधली, हें उपलब्ध प्राचीन ग्रंथांत हाच सांगतो, आणि शिलालेख त्यास दुजोरा देतात.

आप्तवाक्य प्रमाण खरें. पण आधीं वक्ता आप्त ठरला पाहिजे. कपाटाचा क्रमांक ती आप्तता देत नाहीं. आपल्या दप्तरांतील कागदांसही हाच न्याय लावावा.