प्रकाशयोजना : चिरंजीव

झाडीपट्टीची नाटके रात्र-रात्र बसून पाहिलेला मी माणूस. तेव्हा चिरंजीवांनी गोंडपिपरीच्या आमच्या घरात गेमिंग कॉम्प्युटर उभा केला, त्याची समीक्षा मीच करणार.

पहिला अंक रटाळ. पंखे निळे, रॅम जांभळी, मदरबोर्ड हिरवा. प्रत्येक कंपनीचे सॉफ्टवेअर निराळे, कुणी कुणाचे ऐकेना. बँकेत तेरीज जुळत नाही तेव्हा आमचे असेच रंग होतात! शेवटी ती सगळी काढून त्याने ओपनआरजीबी हे एकच, तेही फुकटचे, बसवले.

दुसऱ्या अंकात माझा प्रवेश. दिव्यांची पट्टी होती पाच व्होल्टची, तीन पिनांची. मी ती जोर लावून बारा व्होल्टच्या चार पिनांवर बसवली. पट्टी एकदा लखलखली आणि गेली. ती त्याच्या शिकवणीच्या कमाईतली होती.

“काऊन बाबा?” एवढेच तो म्हणाला. शिव्या परवडल्या असत्या.

पुढे बाकीचे दिवे मात्र एका लयीत पळसासारखे केशरी झाले. छानच! पण खेळताना हा गडी पडद्यावरून नजर हलवत नाही. रोषणाईला प्रेक्षक मी एकटा, मागे खाटेवर.

नवी पट्टी मी मागवली आहे. ती जोडताना मी खोलीबाहेर बसावे, अशी दिग्दर्शकांची अट आहे.