दोन डोळे आणि तारेचे कुंपण

‘दो आँखें बारह हाथ’ (1957) हा व्ही. शांताराम यांचा चित्रपट मी नुकताच मंद्रूपमध्ये विद्यार्थ्यांबरोबर पुन्हा पाहिला. सहा खुनी कैदी, उजाड माळावरची शेती, आणि त्यांच्यावर भरवसा टाकणारा जेलर. कथा ग. दि. माडगूळकरांची. तिच्यामागे औंध संस्थानात आटपाडीजवळ मॉरिस फ्रीडमन यांनी उभ्या केलेल्या स्वतंत्रपूर या खुल्या वसाहतीचा प्रयोग आहे. तो प्रयोग थोर होता, हे मी आधीच मान्य करतो.

पण सोलापूरकडच्या माणसाला हा चित्रपट अपुरा वाटतो. कारण अर्धवेळ तुरुंग आम्हांला नवा नाही. आमच्याकडे त्याला सेटलमेंट म्हणत. गुन्हेगार जमाती कायद्याच्या जोरावर पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींना सोलापुरात तारेच्या कुंपणात कोंडले. दिवसा गिरणीत मजुरी, रात्री कुंपणात हजेरी. बाहेर जायचे तर पास. शांतारामांच्या कैद्याने निदान गुन्हा केला होता, कोर्टाने त्याला शिक्षा सांगितली होती. इथे जन्म हाच गुन्हा. तान्हे पोरही आतलेच. अशा शिक्षेला मुदत कसली? गिरणीमालकांना स्वस्त हात मिळाले आणि सरकारला सुधारणेचे पुण्य. (सेटलमेंटचे अधिकारी स्टार्ट हेच पुढे 1928 च्या दलित-आदिवासी चौकशी समितीचे अध्यक्ष झाले, बाबासाहेब तिचे सभासद होते. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो.)

चित्रपटात पळालेले कैदी जेलरच्या डोळ्यांच्या आठवणीने परततात. दिग्दर्शकाला ते डोळे सदसद्विवेक वाटतात. कुंपणाआडच्या माणसाला डोळे म्हणजे पाळत. एका भल्या माणसाच्या नजरेवर कैद्याचे माणूसपण टांगलेले राहते, त्याच्या हक्काची भाषा चित्रपटाला सुचतच नाही. माझा खरा आक्षेप हा आहे.

31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा गेला, पण ‘सराईत गुन्हेगार’ हा शब्द नव्या कायद्यांत उरला. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत समाजसेवेची शिक्षा आली आहे. पाच हजारांच्या आतली चोरी, पहिलाच गुन्हा, ऐवज परत केला, तर तुरुंग नाही. मी तिचे स्वागत करतो. पण ‘पहिलाच’ हे सिद्ध होण्याआधी पारध्याच्या पोराला किती रात्री कोठडीत काढाव्या लागतील? 3 ऑक्टोबर 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगाच्या नोंदवह्यांतला जातीचा रकाना काढायला सांगितले. म्हणजे तोवर तो होता.