रॉकची यादी आणि आमची हलगी

कडेगावात आमच्या वस्तीत जयंतीच्या तयारीची बैठक चालली होती. बैठक वर्गणीवरून डीजेवर आली आणि डीजेवरून, कशी कोण जाणे, रॉक बँडवर घसरली. कॉलेजात शिकणारी पोरे हिरीरीने भांडत होती: प्रत्यक्ष लोकांसमोर वाजविण्यात सर्वांत भारी बँड कोणता? एकाचे मत क्वीनला, दुसऱ्याचे लेड झेपेलिनला, तिसऱ्याचे रेज अगेन्स्ट द मशीनला. मी विचारले, या यादीत आपल्याकडचे कुणी बसते का? तेव्हा एकजण सहज बोलून गेला, ‘सर, आपल्यात तसलं काय हाय? हलगी न् ढोलकी.’ पोरे हसली. मीही थोडासा हसलो. पोरांचे हसणे मी विसरलो असतो. माझे विसरता येत नाही.

पोरांचे म्हणणे आधी नीट घेतले पाहिजे. क्वीनचा दाखला खोटा नाही. १३ जुलै १९८५ रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर, इथिओपियाच्या दुष्काळग्रस्तांसाठी झालेल्या ‘लाइव्ह एड’ कार्यक्रमात, हा बँड जेमतेम वीस-एकवीस मिनिटे उभा होता. समोर सुमारे ७२,००० माणसे. फ्रेडी मर्क्युरी नुसता सूर फेकत होता आणि तो सूर अख्खे मैदान त्याला परत करीत होते. (हा फ्रेडी म्हणजे फारुख बुलसारा. शिकला आपल्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत. त्याचा पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ तिथलाच. पोरांना हे ठाऊक नव्हते.) त्या वीस मिनिटांत मोठे काय होते? वाद्ये मोठी होती, भोंगे मोठे होते, ते सोडा. समोरच्या माणसाला त्याने श्रोता राहू दिले नाही, हे मोठे.

हाच निकष धरायचा, तर मग आमच्या गायन पार्ट्यांचा दुरंगी सामना कुठे ठेवाल? एक पेटी, एक ढोलकी, एक बेंजो, मागे कोरसवाले दोघे-तिघे. समोर दुसरी पार्टी. ती सवाल टाकणार, आणि त्याचे उत्तर गाण्यातच, त्याच रात्री, त्याच लोकांसमोर द्यायचे. पाठ केलेली गाणी फार तर पहिला तासभर पुरतात. पुढे बुद्धी चालवावी लागते. पहाटेपर्यंत चालवावी लागते. समोर बसलेली माणसे दिवसभर ऊस तोडून आलेली असतात. उत्तर फसले की ती सरळ उठून जातात. वेम्बलीतला माणूस तिकीट काढून आलेला होता, हा फरक लहान नाही.

आणि आमचे समीक्षक? ते वामनदादा कर्डकांचे गीत पुस्तकाच्या पानावर वाचतात आणि ‘प्रचारकी’ असा शेरा मारतात. ढोलकीचा ठेका पानावर छापता येत नाही, आवाज छापता येत नाही, समोरच्या बाईने डोळ्याला लावलेला पदर छापता येत नाही. जे छापले गेले नाही ते नव्हतेच, असे समजून केलेली समीक्षा आणि मोबाइलवर दिसले तेवढेच भारी असे मानणारी पोरे, यांत मला तरी अंतर दिसत नाही.

रॉकचाही इतिहास तपासा. सिस्टर रोझेटा थार्प ही कृष्णवर्णीय स्त्री विजेची गिटार घेऊन १९६४ साली मँचेस्टरच्या एका बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनात उभी राहिली. ती एका फलाटावर, लोक रुळांपलीकडच्या दुसऱ्या फलाटावर. रॉक जिच्या वाजविण्यातून वाढला, तिला रॉकच्या मानकऱ्यांत जागा मिळाली २०१८ साली, मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. तरी ती भाग्यवान म्हणायची. त्या दिवशी तिथे टेलिव्हिजनचा कॅमेरा होता. आमच्या पवळेसमोर कोणता कॅमेरा होता? पठ्ठे बापूराव आमच्याच जिल्ह्यातल्या रेठरे हरणाक्षचे कुलकर्णी. त्यांच्या लावण्या लोकांच्या काळजापर्यंत नेल्या त्या संगमनेर तालुक्यातल्या हिवरगावच्या महाराच्या लेकीने. बापूरावांची लावणी छापून मिळते. पवळेचा आवाज कुठे मिळतो?

इथवर लिहिणे सोपे होते. पुढचे अवघड आहे. माझे आजोबा हलगी वाजवीत. मोहरमात आमच्या गावात गगनचुंबी ताबुतांच्या भेटी होतात, तेव्हा ते पुढे असत. कडबा पेटवून कातडे शेकायचे, टणक झाले की टिपरू घ्यायचे. लोकांच्या माना ताबुताकडे वर. वाजविणाऱ्याकडे कोण बघतो? पण ती हलगी कला म्हणून त्यांच्या हातात आली नव्हती. ती गावकीची सक्ती होती. लग्न असो, मयत असो, बोलावणे आले की जायचे आणि मिळेल ते पदरात घ्यायचे. म्हणून बाबासाहेबांच्या चळवळीनंतर अनेक घरांनी हलगी टाकली, आणि माझ्या वडिलांनीही टाकली. त्यांचे चुकले असे मी म्हणणार नाही. भीमराव कर्डकांच्या पिढीने तमाशाचा साचा घेऊन त्यातून जलसा उभा केला, तोही आंधळेपणाने नव्हे. गणातला गणपती बाजूला सारून. तेव्हा आज कुणी शहरी रसिक हलगीला ‘आपला रॉक’ म्हणून डोक्यावर घेऊ लागला, की मला संशय येतो. वाद्य घेता, मग सक्तीचा हिशेब कोण देणार?

हे सगळे मी त्या पोराला सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि म्हणाला, ‘मग सर, आजोबांची हलगी घरात हाय का?’ नव्हती.

जयंतीला डीजे आलाच. आदल्या रात्री मात्र गायन पार्टी ठेवली, आणि तीच पोरे पुढे बसली. पहाटे तीनच्या सुमारास ढोलकीवाल्याने असा काही ठेका धरला की गाणारा थांबला आणि त्याच्याकडे बघत राहिला. पोरांनी ते मोबाइलवर घेतले. खाली नाव टाकायचे म्हणून पत्रिका काढली, तर तिच्यात गायकाचे नाव होते, वर्गणीदारांची होती, ढोलकीवाल्याचे नव्हते. पत्रिकेचा मजकूर मी लिहिला होता.