आखूड कुर्त्याचे भाग्य

नोकरीच्या मुलाखतीला काय घालून जावे, या विषयावर आपल्याकडे सल्ल्यांचा दुष्काळ कधीच पडला नाही. ज्याने उभ्या आयुष्यात एकच मुलाखत दिली, आणि तीही वशिल्याची, तो गृहस्थसुद्धा यावर तासभर बोलू शकतो. तिकडे अमेरिकेत जॉन मोलॉय नावाच्या माणसाने १९७५ साली या विषयावर अख्खे पुस्तक लिहिले आणि ते धडाधड खपले. पण माझ्या मते आपल्याकडचा प्रमाणग्रंथ म्हणजे पुस्तक नव्हेच, सिनेमा आहे. हृषीकेश मुखर्जींचा १९७९ सालचा 'गोलमाल'.

लोक 'गोलमाल'ला मिशीचा सिनेमा म्हणतात. म्हणोत बापडे. मिशीचे लफडे फार पुढचे. मूळ पाप कुर्त्याचे आहे.

गोष्ट तुम्हाला ठाऊक असेलच. रामप्रसाद चार्टर्ड अकाउंटन्सी पास झालेला. म्हणजे हिशेब येतो, अक्कल आहे, गरज आहे. आपल्या मध्यमवर्गीय समजुतीप्रमाणे एवढ्यावर नोकरी मिळायला हरकत नसावी. पण मालक भवानीशंकर पडले जुन्या वळणाचे. त्यांना खेळात रमणारे, झकपक कपडे घालणारे तरुण चालत नाहीत. हे आधी कळल्यावर रामप्रसाद धावतो तो सिनेमातल्या मित्राकडे, आणि उसना कुर्ता घेऊन येतो. कुर्ता निघतो आखूड. आता झाली का पंचाईत? छे! मुलाखतीत रामप्रसाद त्या आखूडपणाचेच तत्त्वज्ञान करतो. कमी कापडात भागत असताना जास्त का वापरावे, असा वडिलांचा संस्कार सांगतो. मालक विरघळतात. झाली नोकरी पक्की!

या प्रसंगातली खरी गंमत मला दुसऱ्यांदा पाहताना कळली. आपण मुलाखतीला जातो ते स्वतःहून थोडे वरचे दिसायला. आमच्या चाळीत चौदा बिऱ्हाडांत मिळून एक कोट होता. तो ज्याच्या लग्नात शिवला होता त्याच्या अंगावर फारसा दिसला नाही, पण मुलाखतींना मात्र नेमाने जायचा. टायची गाठ एकाच माणसाला मारता येत असे, म्हणून ती कधी सोडतच नसत. फास सैल करून टाय डोक्यावरून काढायचा आणि पुढच्या उमेदवाराच्या गळ्यात घालायचा. त्या कोटाला स्वतःला नोकरी लागली असती, तर तो एव्हाना साहेब होऊन निवृत्त झाला असता. आम्ही श्रीमंती उसनी आणत होतो. रामप्रसाद साधेपणा उसना आणतो, आणि तोही कुठून, तर सिनेमावाल्याकडून! साधेपणाचासुद्धा 'ड्रेस' असतो, हे आपल्याला एवढ्या हसतखेळत दुसऱ्या कुणी सांगितल्याचे मला आठवत नाही.

हे उभे राहते ते दोन नटांमुळे. अमोल पालेकर स्वतः बँकेत नोकरी केलेले गृहस्थ. खुर्चीच्या कडेवर कसे टेकावे, हे त्यांना दिग्दर्शकाने शिकवायची गरजच पडली नसेल. आणि समोर उत्पल दत्त! आपल्याला माणसे बरोब्बर ओळखता येतात, अशी खात्री असलेल्या माणसाचा चेहरा पाहायचा असेल, तर तो इथे पाहावा. अशा चेहऱ्याचे साहेब टेबलापलीकडे बसलेले मी पुष्कळ पाहिले आहेत. दोघांनाही या कामाबद्दल फिल्मफेअर पारितोषिक मिळाले. कुर्त्याला काही मिळाले नाही. जगाची रीतच आहे ती.

इतके कौतुक झाल्यावर एक तक्रार करू द्या. त्या दिवशी रामप्रसाद एकटाच आला नव्हता. आणखीही उमेदवार होते. त्यांनी आपल्याला आवडले ते कपडे घातले होते. पेले कोण हे त्यांना माहीत होते आणि विचारल्यावर त्यांनी तसे सांगितले. रामप्रसादलाही ते माहीत होते. त्याने माहीत नसल्याचे सोंग केले. खरे बोलणारे घरी गेले, सोंग करणारा खुर्चीवर बसला. आपणही पोट धरून हसलो आणि त्या परत गेलेल्या पोरांची नावेसुद्धा विसरलो. त्यांच्याही घरी कुणी वाट पाहत असेलच ना? त्यांनीही शर्टाला इस्त्री करताना कॉलर दोनदा उलटून पाहिली असेल. चित्रपट शेवटी भवानीशंकरांना शहाणपण देतो, मिशी उतरवलेल्या चेहऱ्याने त्यांना कुटुंबाच्या फोटोतही बसवतो. पण त्या पोरांना परत बोलावीत नाही. एवढ्या प्रेमळ दिग्दर्शकाकडून एवढी अपेक्षा होती.

अर्थात, दोष एकट्या रामप्रसादाला देता येत नाही. माणूस अंगातल्या गुणांवर निवडला जात असता, तर त्याला अंगावरच्या कपड्यांची चिंता कशाला पडली असती? समोरचा कुर्ता पाहून संस्कार मोजणार, म्हणून हा कुर्ता आणतो. तो टाय पाहून हुशारी मोजत असेल, तर टाय आणील. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात. मला वाटते, असते, फक्त ती सगळी कपड्यांत खर्च होते.

अलीकडे पुष्कळ मुलाखती घरबसल्या संगणकाच्या पडद्यावर होतात. आमच्या शेजारच्या मुलाने परवाच दिली. वर कडक इस्त्रीचा निळा शर्ट, खाली चट्ट्यापट्ट्याचा पायजमा. मी म्हटले, "अरे, हे काय?" तर म्हणाला, "काका, खालचं दिसत नाही त्यांना."

म्हणजे रामप्रसादाला आज कुर्त्याच्या लांबीचा खुलासासुद्धा करावा लागला नसता. साहेबांची नजर आता तेवढी खाली पोहोचतच नाही. वर मात्र अजून कपड्याच्या आत काही जात नाही.