पाचशे बारा फेऱ्या म्हणजे नेमकं किती?

चाकणच्या चौकात गाडी अडकली की प्रश्न एकच असतो: इंजिन चालू ठेवायचं की बंद करायचं? कर्नलमधला स्पिनलॉक नेहमी पहिला पर्याय घेतो. लॉक क्षणात सुटणार या भरवशावर प्रोसेसर जागीच फिरत राहतो. आज बोलायचंय ते या फिरण्याच्या मापाबद्दल.

लिनक्सच्या 4.2 आवृत्तीत, 2015 साली, x86 साठी रांगेचा स्पिनलॉक आला. रांगेतला प्रत्येक प्रोसेसर स्वतःच्या कॅशे-ओळीवर नजर ठेवतो, सगळे एकाच ओळीवर तुटून पडत नाहीत. रचना उत्तमच आहे. पण रांगेत शिरण्याआधी एक छोटा थांबा आहे. पुढच्या दोघांमध्ये लॉकची देवाणघेवाण चालू असेल, तर तिसरा थोडा वेळ वाट पाहतो. किती? सर्वसाधारण कोडमध्ये 1 फेरी, x86 साठी मात्र 512.

माझा आक्षेप इथं आहे. 512 हे वेळेचं माप नाही, ती नुसती मोजदाद आहे. x86 वर एका फेरीत 'पॉज' ही सूचना चालते. इंटेलच्याच मार्गदर्शिकेनुसार जुन्या पिढ्यांत ती सुमारे 10 चक्रं घेई, स्कायलेकपासून 140 पर्यंत. म्हणजे तेच 512 एका चिपवर सुमारे पाच हजार चक्रं, दुसऱ्या चिपवर सत्तर हजारांच्या वर. कोडची एक ओळही बदलली नाही, अर्थ मात्र चौदापट झाला!

आर्मची तऱ्हा वेगळी. तिथली 'यील्ड' सूचना बहुतेक चिपांवर जवळपास काहीच करत नाही. म्हणून 64-बिट आर्मचं कर्नल 'डब्ल्यूएफई' वापरतं: कोअर डुलकी घेतो आणि ती कॅशे-ओळ बदलली की जागा होतो. इथं 'एक फेरी' म्हणजे एक घटना. तिथं 1 पुरतो, तो याचमुळे.

आता कोणी म्हणेल, 512 ही फक्त कमाल मर्यादा आहे, देवाणघेवाण एरवी लगेच उरकते. मान्य. मर्यादा हवीच, नाहीतर तिसरा तिथंच अडकून पडेल. पण मर्यादेला कारण असतं, आणि ते वेळेच्या भाषेत सांगता यायला हवं.

हा वाद आपल्यापासून लांबचा नाही. पुण्याच्या आयसरमधला 'परम ब्रह्म' इंटेलच्या प्रोसेसरवर चालतो, तर सी-डॅकनं आखलेला 'औम' प्रोसेसर आर्म रचनेचा आहे. एकावर जुळवलेला आकडा दुसऱ्यावर तसाच नेणं म्हणजे ट्रकच्या टायरची हवा स्कूटरला भरणं.

तेव्हा इथल्या विद्यार्थ्यांना एवढंच सांगेन: कोडमध्ये असा आकडा दिसला की आधी विचारा, हा कोणत्या यंत्रावर मोजला? उत्तर नसेल, तर आपल्या यंत्रावर स्वतः मोजा आणि ते माप आकड्याशेजारी लिहून ठेवा.