नळसंहितेतील क्रियापद

प्रवाही पदार्थ वाहून नेणाऱ्या कारखानी नळांची रचना ज्या संहितांना अनुसरून होते, त्यांच्याकडे कोष्टके व सूत्रे यांचा संग्रह म्हणूनच पाहण्याची रीत पडली आहे. त्या प्रथमतः भाषेत लिहिलेल्या आहेत, ही गोष्ट त्यामुळे दृष्टीआड होते. अमेरिकन यंत्र-अभियंता संस्थेच्या पुरस्काराने 'बी ३१' या संहितेचे काम १९२६ साली सुरू झाले आणि तिची पहिली आवृत्ती १९३५ साली निघाली. तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या नळांचा विभाग १९५९ साली स्वतंत्र झाला. आजची 'बी ३१.३' ही प्रक्रिया-नळसंहिता त्याचेच विस्तारित रूप होय. नळाची जाडी काढण्याचे तिचे सूत्र कोणाही अभियांत्रिकी पदवीधरास उमगते. अडते ते शब्दांपाशी.

भिवंडीच्या यंत्रमागांसाठी ताण्याच्या सुतास खळ देणाऱ्या सायझिंग कारखान्याचे उदाहरण घ्यावे. तेथे स्टार्चची खळ वाफेवर शिजवून, जवळजवळ उकळत्या स्थितीत, नळातून सोडली जाते. हा नळ कोणत्या वर्गात मोडतो? संहितेतील सर्वांत सौम्य वर्ग 'डी' हा आहे. त्यासाठी पदार्थ ज्वालाग्राही, विषारी वा मानवी ऊतींस इजा करणारा नसावा, रचनादाब १०३५ किलोपास्कलहून अधिक नसावा आणि रचना-तापमान १८६ अंश सेल्सिअसपलीकडे नसावे. (१८६ ही संख्या मनास येईल तशी घेतलेली दिसत नाही, त्या दाबाच्या संपृक्त वाफेचे तापमान नेमके तेवढेच असते.) खळ पेटत नाही, विषारी नाही, तिचा दाबही माफक, तेव्हा घाईने वाचणारा तिला 'डी' वर्गात घालून मोकळा होतो. परंतु 'ऊतींस इजा' या शब्दप्रयोगाची संहितेने निराळी व्याख्या केली आहे. नेहमीच्या वापरात गळती होऊन पदार्थाचा स्पर्श झाला आणि तातडीने उपाय झाला नाही, तर त्वचा किंवा डोळे यांची कायमची हानी होऊ शकेल, असा तिचा आशय आहे. अंगास चिकटून राहणारी उकळती खळ या व्याख्येबाहेर ठेवणे कठीण आहे. रंगाईच्या कारखान्यातील कॉस्टिक सोड्याविषयी तर वादच नाही.

या वाचनभेदाचा परिणाम शाब्दिक नाही. एरवी द्रवाच्या नळाची चाचणी रचनादाबाच्या किमान दीडपट दाबाने, बहुधा पाण्याने, करावी लागते. 'डी' वर्गात मात्र, मालकाची इच्छा असल्यास, प्रत्यक्ष वापरातील द्रवच सोडून गळती पाहण्याची मुभा आहे. पहिली गळती थंड पाण्याची असेल की खळीची, हे एका विशेषणाच्या अर्थावर ठरते.

मराठीत अडचण आणखी वाढते. इंग्रजी संहितेत 'शॅल', 'शुड' आणि 'मे' यांनी अनुक्रमे बंधन, शिफारस व मुभा दर्शविली जाते. मराठी विध्यर्थ मात्र आज्ञा, सल्ला आणि इच्छा ही तिन्ही ओझी एकाच प्रत्ययावर वाहतो. वर अटी सांगताना आलेले 'नसावा' हे रूप हुकूम आहे की उपदेश, हे केवळ रूपावरून सांगता येणार नाही. कायद्याच्या मराठीने 'शॅल'साठी भविष्यकाळ योजला. पण 'पर्यवेक्षक चाचणी करील' हे वाक्य कारखान्यातील फिटरास आदेशापेक्षा वार्ताच वाटेल. १९६० साली स्थापन झालेल्या भाषा संचालनालयाचे परिभाषाकोश मुख्यतः नामांचे आहेत. क्रियापदाची ही उणीव त्यांतून भरून निघत नाही. 'केलीच पाहिजे', 'करावी' आणि 'करता येईल' अशी त्रिविध योजना कटाक्षाने पाळली, तर बराचसा घोटाळा टळेल. ती रुक्ष वाटेल खरी, पण संहितेस लालित्याची गरज नाही.

बंधन कोठून येते, हाही प्रश्न उरतोच. 'बी ३१.३' लागू करावयाची की नाही, याची निवड संहिता स्वतः मालकावर सोपवते. करारात आल्यावर ती बांधते. वाफेच्या नळाचे तसे नाही. १९२३ च्या बाष्पक अधिनियमाची जागा २०२५ साली नव्या अधिनियमाने घेतली, तरी ठराविक दाबापलीकडील वाफेचा नळ कायद्याच्याच कक्षेत राहिला. सायझिंग कारखान्यात हे दोन नळ शेजारी-शेजारी असतात, आणि मराठी सूचनापत्रक लिहिणारा दोहोंसाठी एकच 'करावे' लिहून जातो.