अर्थसंकल्पांतील मूळ पाठ आणि प्रक्षेप

राज्याचा अर्थसंकल्प हा आमच्या त्रैमासिकाच्या कक्षेंतील विषय आहे काय, अशी शंका कांहीं वाचकांस येईल. आमचें उत्तर असें कीं, ज्यानें एकदां पेशवाईंतील एखाद्या महालाचा बेहेडा त्याच महालाच्या ताळेबंदाशीं ताडून पाहिला आहे, त्यास मुंबईच्या विधानभवनांत मांडल्या जाणाऱ्या कागदांची गोडी लागल्यावांचून राहत नाहीं. बेहेडा हा वर्षारंभींचा अजमास आणि ताळेबंद हा वर्षाखेरचा हिशेब. दोहोंतील तफावतींतच राज्यकर्त्याचें मन वाचावयास मिळतें. राज्यघटनेच्या २०२ व्या अनुच्छेदाचें वार्षिक वित्तीय विवरणपत्र हा आजचा बेहेडा. २०५ व्या अनुच्छेदाखालील पुरवणी मागण्या हा त्यास मागाहून जोडलेला मजकूर. सन २०२४-२५ च्या महाराष्ट्राच्या या दोन कागदांचें परीक्षण येथें योजिलें आहे. निवडणुकीच्या प्रचारास सरकारी खजिन्यांतून द्रव्य द्यावें कीं न द्यावें, या वादाचा निकाल याच कागदांत दडला आहे असें आम्हांस वाटतें.

त्या सालीं २७ फेब्रुवारीस अंतरिम अर्थसंकल्प आला, तो लोकसभेच्या निवडणुकीपूर्वीं. आणि २८ जूनला अर्थमंत्री अजित पवार यांनीं अतिरिक्त अर्थसंकल्प मांडला, तो विधानसभेच्या निवडणुकीपूर्वीं. पहिल्यांत महसुली तूट ९,७३४ कोटी रुपये, दुसऱ्यांत २०,०५१ कोटी. जूनच्या भाषणांत ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना जाहीर झाली: अडीच लाखांच्या आंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या स्त्रियांस दरमहा १,५०० रुपये, भाषणांतील आंकडा वर्षास ४६,००० कोटींचा. त्यानंतर अकराव्या दिवशीं, ९ जुलैला, ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या पुढें आल्या व त्यांत या एका योजनेस २५,००० कोटी होते. अधिवेशन १२ जुलैला संपलें. मूळ अर्थसंकल्पाचा एकूण खर्च सुमारें ६ लाख १२ हजार कोटी. त्याच्या सातव्या हिश्श्याहून मोठी ही पुरवणी तीन-चार दिवसांत सभागृहाच्या हातांतून गेली. घोषणा एका कागदांत, तरतूद दुसऱ्यांत!

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीनें आम्हां संस्कृताच्या विद्यार्थ्यांस एक शिस्त लाविली. जो श्लोक प्राचीन प्रतींत आढळत नाहीं, तो कितीही सुंदर असला तरी मूळांतून काढून तळटीपेंत ठेवावा. प्रक्षेप म्हणजे खोटा किंवा वाईट मजकूर नव्हे. तो कोणीतरी, कांहींतरी हेतूनें, मागाहून घातलेला असतो. तो केव्हां व कां घातला हें विचारावयाचें, एवढेंच चिकित्सकाचें काम.

तेव्हां केव्हां? पहिले दोन हप्ते ऑगस्टांत, राखीपौर्णिमेच्या सुमारास. आचारसंहिता १५ ऑक्टोबरला लागली. ऑक्टोबर व नोव्हेंबरचे हप्ते तत्पूर्वींच एकत्र दिले गेले. मतदान २० नोव्हेंबरला झालें. प्रचारांत सत्तापक्षानें २,१०० चें आश्वासन दिलें व विरोधकांनीं ३,००० चें. म्हणजे दोष एका पक्षाचा नव्हे. पुढें १० मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पांत योजनेस ३६,००० कोटी ठेविले गेले आणि २,१०० चा उल्लेख आला नाहीं.

मंठा-परतूर भागांतून ऊसतोडीस जाणाऱ्या बाईच्या हातांत १,५०० रुपये काय करितात हें आम्ही जालन्यांत राहून जाणतों, आणि त्या पैशास लांच म्हणणाऱ्यांत आमचें नांव कोणीं घालूं नये. दानास पात्र पाहावें तसा काळही पाहावा, इतकेंच शास्त्राचें म्हणणें आहे.

मराठवाड्याच्या माणसास ही घाई विशेष बोचते. सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत होता. प्रौढ मताधिकारानें निवडलेली विधानसभा त्यास १९५२ सालीं लाभली. १९८३ सालीं नेमलेल्या दांडेकर समितीनें राज्याचा विकासाचा अनुशेष ३,१८६ कोटी ठरविला. त्यांत मराठवाड्याचा वाटा सुमारें ७५० कोटी. त्या आंकड्यावर सभागृहांत वर्षानुवर्षें वाद झाले, १९९४ सालीं वैधानिक विकास मंडळें झालीं, आणि त्यांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजीं संपली. साडेसातशें कोटींस दशकें. पंचवीस हजार कोटींस आठवडाही नाहीं. जालन्यास ‘सोन्याचा पाळणा’ म्हणण्याची जुनी रीत आहे. पाळणा हलविण्याचे दिवस कोणते, तें आतां कळलें.

प्रक्षेपाचें दुसरें उदाहरण लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या ७७ व्या कलमांत सांपडतें. उमेदवाराच्या खर्चांत पक्षानें केलेला खर्चही धरावा, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें १९७४ सालीं कंवरलाल गुप्ता यांच्या खटल्यांत दिला. त्याच सालीं वटहुकुमानें एक ‘स्पष्टीकरण’ जोडून तो निर्णय निष्फळ केला गेला. ज्या टीकेनें मूळ सूत्राचा अर्थच उलटा होतो, तीस आमचे गुरुजी टीका म्हणत नसत. परिणाम असा कीं, २०२२ पासून महाराष्ट्रांत विधानसभेच्या उमेदवारास ४० लाखांची मर्यादा, पक्षास कोणतीच नाहीं, आणि सत्तेवर असणाऱ्यास वर खजिना.

१९९८ च्या इंद्रजित गुप्ता समितीनें उमेदवारांस सरकारी मदत द्यावी, पण रोख नव्हे, वस्तुरूपानें, असें सुचविलें. केंद्राचे ६०० कोटी व राज्यांचे तितकेच, असा तिचा अजमास होता. तो निधि कधींच उभा राहिला नाहीं. समितीनें अपक्षांस वगळलें, हा त्या अहवालांतील दुबळा भाग होय. कारण ज्यास पक्ष नाहीं त्यासच आधाराची गरज अधिक. तरी तिची एक गोष्ट आम्हांस पटते: प्रचाराचा खर्च जर जनतेच्या पैशानेंच व्हावयाचा, तर तो नांवानिशीं, वेगळ्या शीर्षाखालीं, मूळ अर्थसंकल्पांत लिहिला जावा व सर्वांस सारखा मिळावा. आज तो एकाच बाजूस, कल्याणाच्या नांवाखालीं, पुरवणींतून मिळतो. मराठी कारकुनानें महालाच्या हिशेबांत ‘दरबारखर्च’ असा उघड रकाना घातला, आणि ‘अंतस्थ’ तेवढें झांकून ठेविलें. आमचे अर्थमंत्री, कोणत्याही पक्षाचे असोत, दरबारखर्चही झांकूं लागले आहेत.

जालना जिल्ह्यांतील पांचही मतदारसंघांच्या उमेदवारांनीं निकालापासून ३० दिवसांत सादर केलेले खर्चाचे हिशेब एक रुपया फी भरून कोणासही पाहतां येतात. जिज्ञासूंनीं ते अवश्य पाहावे; नाश्ता, मंडप, ध्वनिक्षेपक यांच्या नोंदी जुन्या रोजकीर्दीहून फार निराळ्या नाहींत. आमची दुसरी विनंति संग्राहकांस आहे. जालना, अंबड किंवा भोकरदन परगण्याचे बेहेडे व त्याच सालांचे ताळेबंद ज्यांच्या रुमालांत असतील, त्यांनीं दोहोंची नक्कल मंडळाकडे पाठवावी. एकटा बेहेडा आमच्या उपयोगाचा नाहीं.